शाळेच्या रंगमंचावरील कामाचे दिवे : एलईडी घेताना काय पाहावे?



गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि त्याच सुमारास, डिसेंबर-जानेवारीत, गावोगावच्या शाळांची स्नेहसंमेलने येतात. आपल्यापैकी कितीतरी सभासद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. लोकवर्गणीतून शाळेला सभागृह झाले, त्याला छोटासा रंगमंच झाला, की पुढचा प्रश्न येतो दिव्यांचा. बैठकीत यादी होते. तीत रंगीत फोकस असतात, गरागरा फिरणारे दिवे असतात, धूर सोडणारे यंत्रसुद्धा असते. एक वस्तू मात्र सहसा नसते, ती म्हणजे कामाचे दिवे. देणगीदाराचे नाव रंगीत फोकसवर शोभते, झाडू मारताना लागणाऱ्या दिव्यावर कोण नाव घालणार? म्हणून ते राहूनच जातात.

कामाचे दिवे म्हणजे नाटक चालू नसताना रंगमंचावर लावायचे दिवे. नाटकमंडळी त्याला वर्किंग लाइट म्हणतात. संमेलन वर्षातून दोन रात्रींचे. बाकी वर्षभर त्याच रंगमंचावर तालीम चालते, पालकसभा होते, शिडी लावून पडदे बांधले जातात, नेपथ्याच्या चौकटींना खिळे ठोकले जातात, रंग दिला जातो. संमेलन संपल्यावर रात्री अकरा वाजता टेबलं-खुर्च्या उचलणारी पोरं असतात. रंगमंचाची कड जमिनीपासून तीन-चार फूट उंच. नाटक चालू असताना कोण कुठे उभे राहणार हे ठरलेले असते, सरांचे लक्ष असते. आवराआवरीच्या वेळी सगळेच धावत असतात आणि कुणाचेच लक्ष नसते. खरी धोक्याची वेळ ती, आणि नेमका तेव्हाच मोठे दिवे विझवून एखादा बल्ब ठेवलेला असतो. तेव्हा आमचे स्पष्ट मत असे, की पैसे थोडे असतील तर आधी कामाचे दिवे घ्यावेत. रंगीत दिवे दोन रात्रींपुरते भाड्याने मिळतात. उजेडात काम करण्याची सोय भाड्याने मिळत नाही.

काही ठिकाणी तोडगा काढतात तो असा, की नाटकाचेच दिवे कामाला लावायचे. तेही बरोबर नाही. ते दिवे एका बाजूने, एका जागी उजेड पाडण्यासाठी रोखलेले असतात. जिथे उजेड तिथे डोळे दिपतात आणि बाकी ठिकाणी काळोख. शिवाय जुने हॅलोजन असतील तर उष्णता वेगळी. हॅलोजनची काच पेटल्यावर शेकडो अंशांपर्यंत तापते. रंगमंच म्हणजे लाकूड, कापड आणि रंग, यापैकी एकही वस्तू आगीला नाही म्हणत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आपले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली सुरू झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले तेव्हा साऱ्या जिल्ह्याला हळहळ वाटली. त्या आगीच्या कारणात येथे शिरावयाचे नाही. पण लाकूड आणि कापड असलेल्या जागी आग किती झपाट्याने पसरते, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. आपल्या शाळेतल्या पडद्याजवळ काय तापते आहे, हे पाहण्यास तेवढे कारण पुरे.

वॅट म्हणजे ऊस, ल्युमेन म्हणजे साखर

दुकानात गेलो की आपण विचारतो, "किती वॅटचा?" ही सवय जुन्या बल्बांपासून लागलेली. पण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते. उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये सांगतात. ऊस उत्पादकाला हा फरक समजायला वेळ लागू नये. गाडीत किती टन ऊस आला हे वॅट, त्यातून किती साखर निघाली हे ल्युमेन. आणि एका वॅटमागे किती ल्युमेन मिळाले, तो दिव्याचा उतारा. जुना साधा बल्ब वॅटमागे दहा-बारा ल्युमेन द्यायचा. हॅलोजनची लांब कांडी वीसच्या आसपास देते. बरा एलईडी शंभरच्या आसपास किंवा वर देतो. खोक्यावर ल्युमेनचा आकडाच छापलेला नसेल तर तो दिवा परत ठेवून द्यावा. उतारा न सांगता ऊस विकत घेण्यासारखे ते आहे.

आता आपल्या रंगमंचाला किती उजेड लागेल याचा हिशेब करू. हिशेबासाठी रंगमंच २४ फूट रुंद आणि १८ फूट खोल धरू. म्हणजे ४३२ चौरस फूट, जवळजवळ ४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की त्याला एक लक्स म्हणतात. तालमीला, वाचायला, झाडलोटीला दीडशे ते दोनशे लक्स पुरतात. रंगकाम आणि सुतारकाम करायचे तर तीनशेच्या आसपास असलेले बरे. दोनशे धरले तर ४० गुणिले २००, म्हणजे ८,००० ल्युमेन जमिनीवर पोचायला हवेत. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड जमिनीपर्यंत येत नाही. काळे पडदे, वरच्या झालरी आणि दिव्यावरची धूळ मिळून निम्मा तरी खातात. तेव्हा दिव्यांतून १६,००० ल्युमेन निघाले पाहिजेत. वॅटमागे १०० धरले तर १६० वॅट झाले. संपला हिशेब.

हाच उजेड हॅलोजनने पाडायचा तर ५०० वॅटच्या दोन कांड्या लागतील, म्हणजे १,००० वॅट. दिवसाला दोन तास, वर्षातले २०० दिवस धरले तर हॅलोजनला ४०० युनिट आणि एलईडीला ६४ युनिट. फरक ३३६ युनिटचा. शाळेच्या बिलावरचा दर पाहून गुणाकार ज्याने त्याने करावा.

ट्यूब की फ्लड?

आपल्याकडे मोठ्या फोकसला सरसकट हॅलोजन म्हणायची पद्धत पडली आहे. एलईडीचा असला तरी दुकानदार "हॅलोजन देऊ का?" असेच विचारतो. त्याचे खरे नाव फ्लड लाइट. रंगमंच म्हटला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हाच येतो. पण छोट्या रंगमंचाला तो नेहमी योग्य असतोच असे नाही.

दिवे टांगण्याची जागा बारा-चौदा फुटांच्या आत असेल तर चार फुटी एलईडी ट्यूब, म्हणजे २० वॅटची पट्टी, आमच्या मते अधिक चांगली. एक पट्टी साधारण २,००० ल्युमेन देते. आठ पट्ट्यांत आपला १६,००० चा आकडा पुरा होतो. उजेड लांब पट्टीतून येत असल्यामुळे सावली मऊ पडते, वर पाहिले तरी डोळ्यांत खुपत नाही, आणि एक गेली तरी सात चालू राहतात. शिवाय तशीच पट्टी गगनबावड्याच्या बाजारात मिळून जाते. कोल्हापूर इथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, एका दिव्यासाठी कोण जाणार? तेव्हा जो माल जवळ मिळतो त्याचा विचार आधी करावा.

छत उंच असेल, किंवा खाली कुस्ती-कबड्डीचे सामान, बांबू, शिड्या यांची ये-जा असेल, तर पट्ट्या फुटतात. अशा ठिकाणी ५० वॅटचे चार फ्लड घ्यावेत. झोत रुंद हवा, १२० अंशांचा, अरुंद झोताचा नको. दोन दिवे रंगमंचाच्या पुढच्या भागावर आणि दोन मागच्या भागावर टांगावेत. सगळे एकाच ओळीत टांगले तर माणसाची सावली त्याच्याच हातातल्या कामावर पडते. सुताराला विचारा, तो सांगेल. आणि दर्शनी पडद्याच्या बाहेर, प्रेक्षकांच्या बाजूला दिवे टांगून भागणार नाही. पडदा ओढला की आतला रंगमंच अंधारात, आणि नेमके नेपथ्य बदलण्याचे काम पडद्याआडच चालते.

रंग, आणि न दिसणारी थरथर

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप बसवून तो पांढरा केलेला असतो. हा निळा एलईडी साधायला शास्त्रज्ञांना फार काळ लागला. तो ज्यांनी साधला त्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वस्त दिव्यात हा लेप हलका असतो, त्यामुळे उजेड निळसर पडतो आणि लाल रंग मरतो. चेहरे आजारी दिसतात. साडी दुकानात एक रंगाची आणि बाहेर उन्हात दुसऱ्या रंगाची दिसते, तसला प्रकार.

खोक्यावर दोन आकडे पाहावेत. पहिला केल्विनचा. ६,५०० म्हणजे निळसर पांढरा, ३,००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. रंगमंचाच्या कामाला ४,००० चा मधला चांगला. दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचे गुण. शंभरपैकी ८० च्या खाली घेऊच नये. ज्या दिव्याखाली पडदे रंगवायचे किंवा मुलांची रंगभूषा करायची, त्याला ९० असलेले उत्तम. म्हणजे रंगपटाच्या खोलीत ९० चा आणि रंगमंचावर ८० चा असे केले तरी खर्च आवरतो. आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर साधी परीक्षा करावी. पांढऱ्या कागदावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि उसाचे एक हिरवे पान ठेवावे. कुंकू तपकिरी दिसले, तर तो दिवा रंगपटात लावू नये.

थरथरीचे मात्र फसवे असते. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे दिव्याचा ड्रायव्हर हलका असेल तर उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण डोके चढते आणि डोळे थकतात. तालमीत सरांचे डोके दुखते ते नेहमी पोरांमुळेच असे नाही. शिवाय फिरते पाते थरथरत्या उजेडात थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे भासू शकते. नेपथ्यासाठी करवतीचे यंत्र चालणार असेल तर हा थेट बोटांचा प्रश्न आहे. तपासणी सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरावा, पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर थरथर आहे. किंवा दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवावी. एकसंध पंखा दिसण्याऐवजी वेगवेगळ्या दहा पेन्सिली दिसल्या, तर तो माल नको.

आपल्याकडची वीज आणि आपल्याकडचा पाऊस

विजेच्या दाबाचे आपल्याला काही नव्याने सांगावयास नको. एकीकडे मोटारी चालू झाल्या की दिवे मिणमिणतात, मोटारी बंद झाल्या की दाब उसळतो. आणि तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला, की घरातल्या साध्या फेजवर चारशेच्या जवळ व्होल्ट येऊ शकतात. एका रात्रीत अख्ख्या गल्लीचे दिवे आणि टीव्ही जातात ते त्यामुळेच. म्हणून ड्रायव्हरवर १०० ते ३०० व्होल्ट असा रुंद पल्ला लिहिलेला असावा. काही ड्रायव्हर ४४० व्होल्ट आले तरी स्वतः बंद पडून वाचतात. मिळाला तर तोच घ्यावा, थोडे जादा पैसे गेले तरी चालतील. वळवाच्या विजांसाठी बोर्डात सर्ज रोखणारे साधन बसवावे.

दुसरा शत्रू ओल. गगनबावडा म्हणजे जिल्ह्यातले पावसाचे आगर. जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर, पत्र्याखाली थेंब, कपाटातल्या वह्यांना बुरशी. उघड्या दिव्यात ही ओल शिरते आणि पाठोपाठ किडे शिरतात. छताखाली असला तरी फ्लड आयपी ६५ दर्जाचा घ्यावा, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत जात नाहीत. पट्ट्या लावायच्या तर गळक्या बाजूला त्यांवर बंद कव्हर हवे.

एलईडी तापतच नाही, हा समजही काढून टाकावा. पुढून तो थंड वाटतो, पण त्याची पाठ तापते आणि तिला हवा लागते. कापडी झालरीपासून हातभर लांब टांगावा, आणि हौसेने त्यावर रंगीत जिलेटीन गुंडाळू नये.

टांगणे आणि बटण

दिव्याइतकेच टांगण्याला महत्त्व आहे. दीड-दोन किलोचा दिवा बारा फुटांवरून खाली आला तर तो कुणाच्या डोक्यात पडेल हे सांगता येत नाही. पत्र्याला किंवा छताच्या चौकटीला स्क्रू मारून टांगू नये. दोन्ही भिंतींत घट्ट बसविलेला लोखंडी पाइप, त्यावर क्लॅम्प, आणि प्रत्येक दिव्याला वेगळी साखळी, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी दिवा साखळीवर राहील. वायरवर लोंबकळणारा दिवा कधीही चालवून घेऊ नये. वायर आयएसआय मार्कची, पाइपातून नेलेली. बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे. गळती झाली तर ते निमिषात वीज तोडते. खर्चात काटकसर करायची असेल तर दिवा एक कमी घ्या, पण हे साधन वगळू नका. आपल्या भागात जांभा आणि कातळ, तिथे अर्थिंग नीट लागत नाही. पावसाळ्यात ठीक वाटते आणि मे महिन्यात कोरडे पडते. म्हणून वायरमनकडून ते उन्हाळ्यातच मोजून घ्यावे.

बटणाचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिथे हटकून चूक होते. कामाच्या दिव्यांची लाइन वेगळी हवी आणि तिचे एमसीबी वेगळे हवे. नाटकाच्या दिव्यांसाठी डिमर असेल तर त्यावर हे दिवे जोडू नयेत. साधा एलईडी डिमरवर फडफडतो, गुणगुणतो आणि शेवटी त्याचा ड्रायव्हर जळतो. बटण प्रकाशयोजनेच्या कुलूपबंद खोलीत असू नये. रंगमंचावर येण्याच्या दाराशीच, आत पाऊल टाकण्याआधी हात पोचेल असे असावे. दोन बाजूंना दोन दारे असतील तर जिन्याला असतात तशी दुहेरी बटणे बसवावीत, म्हणजे एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने विझवता येते. नाहीतर विझवणारा माणूस अंधारात रंगमंच ओलांडून बाहेर येतो, आणि ज्यासाठी दिवे घेतले ते तिथेच फुकट जाते.

याची दुसरी बाजूही आहे. दाराशी बटण म्हणजे पोरांच्या हाताशी बटण. भुताचा प्रवेश रंगात आला असताना विंगेतल्या कुणाची पाठ बटणाला लागली, की भूत दिवसाउजेडी उघडे पडते आणि प्रेक्षागृह हसते. म्हणून बटणावर झडप बसवावी, आणि प्रयोगापुरती ती लाइन एका जागेवरून बंद ठेवता येईल अशी सोय वायरमनला सांगून करून घ्यावी.

मग प्रयोग चालू असताना विंगेत उभ्या असलेल्या मुलांनी काय करायचे? त्यासाठी निळे झिरोचे बल्ब लावतात. मंद निळा उजेड पडद्याबाहेर फारसा जाणवत नाही आणि पायाखालचे मात्र दिसते. एलईडीचा झिरो अर्ध्या वॅटचा येतो. (जुना झिरो बल्ब नावालाच शून्य होता, प्रत्यक्षात बारा-पंधरा वॅट खायचा!) तो गुडघ्याच्या उंचीवर, प्रेक्षकांकडे आड करून बसवावा. रंगमंचाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला तर सोन्याहून पिवळे.

वीज गेली तर काय, हे गृहीत धरूनच चालावे. बाहेर पडण्याच्या दारावर आणि रंगमंचाच्या पायऱ्यांशी बॅटरीवर चालणारा, वीज जाताच आपोआप लागणारा दिवा हवा. घाटाखालच्या दशावताराने समया-टेंभ्यांच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात रात्री जागवल्या, त्या बत्तीला वीज जाण्याची भीती नव्हती. आपल्या सभागृहात तीनशे पोरे आणि त्यांच्या आया एका दाराने बाहेर पडणार असतात.

खरेदी करताना

खरेदी एप्रिल-मे मध्ये करावी, संमेलनाच्या आठवड्यात नव्हे. आधी एकच दिवा आणून संध्याकाळी प्रत्यक्ष जागेवर टांगून पाहावा. वर सांगितलेली कॅमेऱ्याची आणि कुंकवाची परीक्षा करावी, दोन तास चालू ठेवावा, आणि संहितेचे पान रंगमंचाच्या चारही कोपऱ्यांत वाचता येते का ते एखाद्या विद्यार्थ्याकडून पाहून घ्यावे. मगच बाकीचे आणावेत.

"शंभर वॅट" म्हणून विकलेला दिवा प्रत्यक्षात पन्नासच घेतो, असे हलक्या मालात होते. ते पकडण्यासाठी शाळेचा मीटर आहे. मीटरवर युनिटला ३,२०० इम्पल्स असे लिहिलेले असेल, तर इतर सर्व बंद करून फक्त हे दिवे चालू ठेवावेत आणि लाल ठिपका पाच मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजावे. १६० वॅटला ४२-४३ वेळा लुकलुकला पाहिजे. वीसच वेळा लुकलुकला तर बिल घेऊन दुकानात जावे. आठवीच्या विज्ञानाच्या वर्गाला हा प्रयोग जरूर करू द्यावा.

दिव्यावर भारतीय मानक ब्युरोचा आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. एलईडीची चकती सहसा जात नाही, जातो तो ड्रायव्हर. म्हणून ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येतो का, हे दुकानदाराला आधी विचारावे, आणि एक जादा ड्रायव्हर त्याच बिलात आणून शाळेच्या कपाटात ठेवावा. हमी दोन वर्षांची, लेखी. दिवा बसविल्याची तारीख रंगाने त्याच्या पाठीवर लिहून ठेवावी, कारण बिले हरवतात. दसऱ्याच्या आधी, पाऊस ओसरला की, मुख्य बटण बंद करून कोरड्या फडक्याने काचा पुसाव्यात, साखळ्या आणि क्लॅम्प ओढून पाहावेत आणि आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून ते पडते की नाही ते बघावे.